सतरावं पान

“तुम्ही एका मुलीच्या तोंडचं उत्तर कापून टाकलंत.”

असाबीने हे वाक्य कागदावर लिहिलं आणि त्याखाली इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला. फाटलेली जागा तिने अंगठ्याने दाबून सपाट केली. वर मायना नव्हता. पत्र कुणाच्या नावाने लिहायचं हेच तिला ठरवता येत नव्हतं. मुलांची पुस्तकं छापणाऱ्या राजधानीतल्या मंडळाच्या कागदांवर सही असायची, पण सहीखाली नाव नसायचं. फोनवर एक बाई बोलायची, तीही ‘मंडळाचं असं म्हणणं आहे’ याच्या पलीकडे जायची नाही. ज्याला नावच नाही त्याची कॉलर धरायची तरी कुठं?

टेबलावर सकाळच्या बसने आलेलं खोकं उघडं पडलं होतं. आत पन्नास पुस्तकं, सगळी सारखी, शाईचा वास अजून न गेलेली. मुखपृष्ठावर एक मुलगी, डोक्यावर गाठोडं, पाठीमागे समुद्र. ‘ताइवो जग बघायला जाते.’ खाली बारीक अक्षरात: शब्द आणि चित्रं केहिंदे, वय दहा, इसेयिन. असाबीने एक प्रत तीनदा चाळली होती. तिन्ही वेळा ती सोळाव्या पानावर संपली होती.

बाहेर छपरीत लामिदीचा माग खटखटत होता. चार बोटं रुंदीचा चिंचोळा पट्टा त्याच्यापुढे वीतवीत सरकत होता. त्याने खिडकीतून मान आत घातली.

“मास्तरीणबाई, सकाळपासून एकच ओळ? माझा अर्धा पट्टा विणून झाला.”

“तुझा पट्टा कुणी राजधानीत नेऊन कापत नाही, लामिदी.”

“कापू दे की. त्याच पट्ट्याने बांधून आणीन एकेकाला.”

“आण. मी दोरीही देते.”

तो हसला. तिला हसू आलं नाही. माग पुन्हा सुरू झाला.

असाबी ही मास्तरीण नव्हती. वीस वर्षांपूर्वी परदेशातून खोकी भरून चित्रांची पुस्तकं आली, ती ठेवायला जागा हवी होती, आणि जुन्या टपालघराची किल्ली तिच्याकडे होती. टपालघराचं वाचनालय झालं. तेव्हापासून तिला लोक आंटी म्हणतात, आणि चिडवायचं असलं की मास्तरीणबाई. पवनचक्क्या, बर्फ, उंच डोंगरावरचे लोकरीचे प्राणी, पाण्यावर वसलेली गावं, सगळं त्या खोक्यांत होतं. इथल्या निम्म्या पोरांनी जवळच्या इबादान शहराचा बसथांबासुद्धा बघितला नव्हता, पण पेंग्विन आपलं अंडं पायांवर ठेवून उभा राहतो हे त्यांना माहीत होतं.

केहिंदे आणि ताइवो या जुळ्या पाच वर्षांच्या असताना पहिल्यांदा आल्या. दोघींच्या वेण्या सारख्या, दोघींचा कपडा एकाच थानातला. असाबीने दोन कार्डं केली. एकीला मिळालं तेच दुसरीला मिळायला हवं, नाहीतर जुळ्यांचा रुसवा घराला भोवतो, एवढं इथं कोणालाही कळतं. आणि जुळ्यांत आधी बाहेर येते ती ताइवो, पण ती धाकटी, हेही कळतं. थोरली केहिंदे आत बसून तिला पुढे धाडते: जा, जग चाखून बघ, कसं आहे ते सांग. ताइवो बाहेर येऊन रडते, म्हणजे सांगते, बरं आहे, ये. मगच केहिंदे येते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ताइवोला ताप आला. तीन दिवस. चौथ्या दिवशी इसेयिनमध्ये कुणीही तो शब्द उच्चारला नाही. जुळ्यांपैकी एकाबद्दल तो शब्द उच्चारायचाच नसतो, दुसरं ऐकत असतं. ‘ताइवो प्रवासाला गेली,’ असं सगळे म्हणाले. आईने ताइवोच्या जागी ठेवायला बाजारातून प्लॅस्टिकची बाहुली आणली, केहिंदेच्या कपड्यातला तुकडा तिला नेसवला आणि रोज तिच्यापुढे ताटली ठेवली. आठवड्याने केहिंदे वाचनालयात आली. दोन पुस्तकं, दोन कार्डं.

“हे माझं, आणि हे ताइवोला. वाटेत वाचायला.”

असाबीने दोन्ही कार्डांवर शिक्का मारला. तेव्हापासून दर शुक्रवारी मारत आली.

मग मंडळाची स्पर्धा आली, ‘जगाचा प्रवास, माझी गोष्ट’. मुलांनी स्वतःच्या प्रवासाचं चित्रपुस्तक करायचं. चाळीस पोरांनी केली. बहुतेकांनी आजीच्या गावची बस काढली. एकाने सात पानं नुसतं पंक्चर झालेलं चाक काढलं, कारण त्याच्या प्रवासात तेवढंच झालं होतं. केहिंदेने ताइवोला वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकात नेलं. पवनचक्कीखाली, लोकरीच्या प्राण्यावर, पाण्यावरच्या गावात होडीत. प्रत्येक पानावर ताइवो काहीतरी खायची आणि थोरलीला सांगायची: इथलं आंबट आहे, येऊ नकोस. इथलं तिखट आहे, येऊ नकोस.

प्रत्येक पुस्तकासाठी फॉर्म, तो आधी मंजूर करून घ्यायचा. बहीण-भाऊ या शब्दांपुढे दोन चौकोन: हयात, मयत. असाबीने केहिंदेच्या फॉर्मवर दोन्ही कोरे सोडले. फॉर्म परत आला. पुन्हा कोरे पाठवले, पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा फोन आला, “मॅडम, चौकोन भरा, नाहीतर पुस्तक बाद होईल.” तिने विचारलं, तिसरा चौकोन घालता येईल का, ‘प्रवासात’ असा. पलीकडे कुणीतरी हसलं. दोन दिवस तिची झोप झाली नव्हती, पाय सुजले होते, चाळीस फॉर्म पुढ्यात होते. तिने दुसऱ्या चौकोनात खूण केली. एवढीशी खूण, अर्ध्या नखाएवढी.

केहिंदेचं पुस्तक निवडलं गेलं, आणि ती खूण आता छापून आली होती. सोळाव्या पानावर ताइवो बर्फात पेंग्विनांच्या मधे उभी आहे. ओंजळीत बर्फ, तोंड उघडं. शब्द आहेत: ‘इथलं गोड आहे. ये.’ आणि त्याखाली, दुसऱ्याच अक्षरात, मंडळाच्या चिन्हाशेजारी: ‘दिवंगत ताइवो हिच्या स्मरणार्थ.’

त्यानंतर पान नाही.

फोन तिने सकाळीच लावला होता.

“मॅडम, सोळा पानांचा नियम आहे. सतरावं पान वरून चिकटवलेलं होतं. ते बसत नव्हतं.”

“मग कव्हरच्या आतल्या बाजूला छापायचं.”

“तिथं शुभेच्छा संदेश आहे.”

“कुणाचा?”

“मंडळाचा.”

“गोष्ट मुलीची आणि शेवट मंडळाचा? बहीण हाक मारते आणि गोष्ट तिथंच थांबते, हे कळत नाही तुम्हाला? तुमच्यात जुळी होत नाहीत?”

“शेवट फार हृदयस्पर्शी झालाय, असं इथं सगळ्यांचं मत पडलं, मॅडम.”

“मूळ चित्रं परत पाठवा.”

“परत करण्याची पद्धत नाही.”

“मग त्या पानावर काय होतं ते तरी बघून सांगा. एक वाक्य असेल.”

“पुस्तक तुम्हीच पाठवलंत ना? तुम्हाला माहीतच असेल.”

तिकडून फोन ठेवला गेला.

दुपारी केहिंदेची आई आली. तिचं स्वतःचं नाव गावात कुणी घेत नाही. ती ईया इबेजी, जुळ्यांची आई. ताइवो प्रवासाला गेल्यावरही तेच. डोक्यावर झाकलेलं पातेलं, पाठीला बांधलेली बाहुली. मागवाल्यांसाठी ती सूत उकलून द्यायची, त्यामुळे तिच्या बोटांच्या टोकांना कायम निळा रंग असायचा.

“कुठंय आमचं पुस्तक? अख्ख्या बाजाराने मला सांगितलं, बस आली, बस आली. चवळी आणलीय, पामतेलातली. आधी खा, मग वाचून दाखवा. नाही, आधी वाचा. तुम्ही खायला लागलात की संध्याकाळ होते.”

“बस तर खरी.”

“बसते. लामिदी, तुझा तो खडखडाट थांबव जरा! माझी लेक लेखिका झालीय.”

“मग मलाही चवळी द्या, लेखिकेच्या आई,” बाहेरून आवाज आला.

“आधी माझं सूत उधार नेणं थांबव.”

माग थांबला. तिने बाहुली सोडून मांडीवर पुढे तोंड करून बसवली, तिलाही दिसेल अशी. असाबी वाचू लागली. ईया इबेजीला वाचता येत नव्हतं, पण चित्रांवर तिची नजर घारीसारखी होती.

“थांबा. हा कपडा असा नव्हता. तिने निळ्यात पांढरी रेघ काढली होती, माझ्याकडूनच सूत नेऊन बघून बघून काढली. यांनी लाल केला.”

“छापताना होतं तसं.”

“माझं सूत लाल झालं असतं तर लामिदीने माझ्या तोंडावर फेकलं असतं.”

प्रत्येक ‘येऊ नकोस’ला ती मान डोलवत होती. पंधराव्या पानावर ती हसली. सोळावं आलं. असाबीने पुस्तक धरताना उजवा अंगठा खालच्या कोपऱ्यावर ठेवला.

“‘इथलं गोड आहे. ये.’”

ईया इबेजीचं हसू गेलं. तिने बाहुलीचं तोंड आपल्या पोटाकडे वळवलं.

“पुढे?”

“एवढंच आहे.”

“अंगठ्याखाली काय आहे?”

“मंडळाचा शिक्का.”

हे खोटं नव्हतं. शिक्काही होता.

“पुढचं पान कुठंय, आंटी? मी बघितलंय. डिंक केहिंदेने माझ्याच वाटीत कालवला. शेवटच्या पानावर ती स्वतः होती, आमच्या दारात उभी. तिने मला नुसतं चित्र दाखवलं, शब्द नंतर लिहिते म्हणाली. इथं तर ती कुठंच नाही.”

“ते पान बसलं नाही.”

“बसलं नाही म्हणजे? पान होतं की पाहुणा?” तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. बाहुलीच्या डोक्यावरून तिने हात फिरवला. “हे बघा. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ सुटली तेव्हापासून पोरगी अर्धं जेवते. उरलेलं बाहुलीच्या ताटलीत सारते. म्हणते, तिला जास्त लागतं, तिकडे थंडी आहे. मी काही बोलत नाही. काय बोलू? म्हटलं, पुस्तकात तिने काहीतरी उत्तर दिलंच असेल. थोरली आहे ती. धाकटीने ये म्हटलं म्हणून थोरली उठून जाते का?” ती थांबली. “जन्मताना गेलीच होती म्हणा.”

असाबीने पुस्तक मिटलं.

“पाठवलं तुम्ही. वाचलं असेल ना तुम्ही. शेवटी माझी केहिंदे काय म्हणाली?”

असाबीने ते पान वाचलं नव्हतं. चाळीस पुस्तकं, चाळीस फॉर्म, राजधानीची बस उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. केहिंदे धावत येऊन चिकटवलेलं पान देऊन गेली तेव्हा डिंक ओला होता. उघडलं तर फाटेल म्हणून असाबीने उघडलं नाही. खरं तर उघडायचा कंटाळा आला होता. दोरी बांधायची राहिली होती.

ईया इबेजी वाट बघत होती. तिची निळी बोटं बाहुलीच्या पाठीवर थांबली होती.

“म्हणाली,” असाबी म्हणाली, “मी थोरली आहे. मी येत नाही. तुझं फिरून झालं की तूच घरी ये.”

“अस्सं म्हणाली?”

“हो.”

“तिच्याच शब्दांत?”

“जवळपास.”

ईया इबेजीने इतका लांब श्वास सोडला की खोक्यावरचा कागद हलला. ती उठली, डोक्यावरचा कपडा सोडून पुन्हा घट्ट बांधला. बाहुली पाठीला घेतली. दोन प्रती मागून घेतल्या, एक एकीची आणि एक दुसरीची. जाताना लामिदीच्या हातावर चमचाभर चवळी टेकवली आणि म्हणाली, “ऐकलंस का रे? माझी लेक कुणाच्या हाकेला भुलत नाही.” तिच्या आवाजात आता पहिल्यासारखा बाजार होता.

चवळी गार झाली. असाबीने झाकण उघडून पुन्हा ठेवलं.

शाळा सुटल्यावर केहिंदे आली. चपला दाराशी जोडून ठेवल्या. गेल्या महिन्यात गणवेशाचा पट्टा शेवटच्या छिद्रापर्यंत आला होता, आज त्याच्याही पुढे एक नवं छिद्र पाडलेलं असाबीला दिसलं. मुलीने दप्तरातून दोन पुस्तकं काढली, त्यांवर दोन कार्डं.

“तुझं पुस्तक आलंय.”

“माहितेय. आई सूत टाकून बाजारभर दाखवत फिरतेय. म्हणाली, मी फार छान उत्तर दिलंय.” तिने खोक्यातली एक प्रत उचलली, सरळ शेवटचं पान काढलं. सोळाव्या पानाखालची ती ओळ तिने वाचली. ओठ हलले. मुलीने त्या ओळीवर बोट ठेवलं, जसा असाबीने अंगठा ठेवला होता अगदी तसंच, आणि पान मिटलं.

“हे मी नाही लिहिलं.”

“नाही. माझी चूक झाली. एका फॉर्मवर मी—”

“असू दे, आंटी. आईला वाचता येत नाही.”

दहा वर्षांच्या पोरीने असं बोलू नये. असाबीने खुर्ची पुढे ओढली.

“केहिंदे, सतराव्या पानावर तू काय लिहिलं होतंस?”

मुलीने वर बघितलं. पहिल्यांदाच नीट.

“तुम्ही वाचलं नाहीत?”

लामिदीचा माग बाहेर चालू होता. खट, खट.

“मग आईला काय सांगितलंत?”

केहिंदे उत्तरासाठी थांबली नाही. ती मागच्या कपाटाशी गेली, खालच्या फळीवरून बर्फाचं ते जुनं पुस्तक काढलं, ज्याची पाठ दोनदा शिवली होती, आणि ते टेबलावर ठेवलं. दोन्ही कार्डं तिने एकावर एक ठेवून कडा जुळवल्या, एकच असावं तशी.

“आज एकच द्या.”

“आणि ताइवोला?”

“एकच पुरेल. आम्ही दोघी एकच वाचू.”

शिक्का असाबीच्या हातात होता. कोणत्या कार्डावर मारायचा ते तिला कळेना.

“केहिंदे, बाळा, मला सांग ना. शेवटच्या पानावर तू दारात उभी होतीस. आत येत होतीस, की बाहेर पडत होतीस?”

मुलगी जरा विचारात पडल्यासारखी झाली. मग तिने पुस्तक छातीशी धरलं.

“एकदा लिहून दिलंय ना, आंटी. दुसऱ्यांदा कसं लिहू? त्यांच्याकडे आहे. त्यांना विचारा.”

दाराशी तिने चपला घातल्या. गावाकडे जाणाऱ्या वाटेवर धूळ होती, धुळीतून दहा पावलांवरचं माणूस पांढुरकं दिसत होतं. ती घराकडेच वळली. असाबी उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली, वळली ती घराकडेच ना याची खात्री होईपर्यंत, आणि त्यानंतरही.

“काय गं, काय बघतेस?” लामिदीने विचारलं.

“काही नाही. उद्यापासून रोज शाळेतून तिला मी आणीन. आणि घरी मी सोडीन.”

“तुझे पाय बघ आधी, मास्तरीणबाई.”

“पाय माझे आहेत.”

ती आत येऊन बसली. फाटलेला कागद पुढे ओढला. मायन्याची जागा तिने कोरीच सोडली. ‘तुम्ही एका मुलीच्या तोंडचं उत्तर कापून टाकलंत,’ या ओळीखाली तिने सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहायला घेतलं.

“तिसरा चौकोन मागितला तेव्हा तुम्ही हसलात. त्या हसण्याला घाबरून मी खूण केली, तो माझा गुन्हा. दुसरा गुन्हा असा, की दमले म्हणून ते पान मी वाचलं नाही. तिसरा, की न वाचलेलं मी तिच्या आईला वाचून दाखवलं. हे तिन्ही मी लिहून देते, खाली माझं नाव आहे, पत्ता आहे, कोणीही यावं. पण तुम्ही ते पान हातात घेतलंत. मोजलंत, बसत नाही म्हणालात, कात्री लावलीत. वाचल्याशिवाय कोणी कापत नाही. बर्फातून बहीण म्हणाली, इथलं गोड आहे, ये. त्यावर दारात उभी असलेली मुलगी काय म्हणाली? शुभेच्छा पाठवू नका. नियम पाठवू नका. एक वाक्य आहे, तेवढं पाठवा. ती रोज थोडं कमी जेवते आहे. काय लिहिलं होतं तिने?”